वर एक हात मारा

कोल्हापुरात रंग लावणाऱ्याला मान आहे. इतका, की इथं 'पेंटर' हे आडनाव म्हणून खपतं. बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री. १८९० साली जन्मलेला हा माणूस नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा बनवून बसला, १९२० साली 'सैरंध्री' काढून मोकळा झाला, आणि तरी गावानं त्यांना ठेवलं पेंटरच. आजही कुंभार गल्लीत गणपतीचे डोळे आखणाऱ्या माणसासमोर गिऱ्हाईक श्वास रोखून उभं असतं. बेंदराला बैलाची शिंगं रंगवणारा, ट्रॉलीच्या फाळक्यावर कमळं काढणारा, निवडणुकीत भिंत धरणारा, या सगळ्यांना गावात चहा फुकट मिळतो.

रंग काढणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. कारण आपल्याकडं रंग काढतच नाहीत. जुना रंग उडाला, वाईट दिसतोय, चुकीचा लागलाय, तर सगळ्याला उत्तर एकच: वर एक हात मारा. आमच्या जुन्या घराच्या चौकटीवरचा टवका उडाला तेव्हा आत पिवळा, त्याच्या आत हिरवा, त्याच्या आत विटकरी असे सात थर मी मोजले. त्या चौकटीत लाकूड किती आणि रंग किती हे वाळवीलासुद्धा कळलेलं नसावं. देवळाच्या दगडी दीपमाळेपासून पक्षाच्या कार्यालयापर्यंत सगळीकडं तेच. खालचं चिन्ह पुसत बसायला वेळ कुणाला आहे?

अशा गावात मला रंग काढायची दुर्बुद्धी सुचली. तीही एका विमानावरचा.

विमान मिग-२१. लांबी वीतभर, कारण मापात ते खऱ्याच्या एकास बहात्तर आहे. १९९६ साली मुंबईच्या मामांनी त्याचा खोका आणून दिला होता. सुटे प्लास्टिकचे भाग, ते चौकटीतून तोडायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. खोक्यात सगळं होतं, फक्त रंग नव्हता. नेमका त्याच आठवड्यात आमच्या घराचा दरवाजा रंगवून झाला होता आणि डब्याच्या तळाशी फिरोजी ऑइलपेंट उरला होता. ब्रशही होता. दाराचाच, दीड इंची.

सोळाव्या वर्षी माणसाला कुठल्याच गोष्टीचं भय नसतं. मी विमानाला दोन हात मारले.

पुढं अनेक वर्षांनी मला कळलं, की रशियनांनी मिगच्या कॉकपिटमध्ये, आतल्या बाजूनं, जवळपास तसलाच निळसर हिरवा रंग दिला होता. म्हणजे रंग माझा चुकला नव्हता. मी आतला बाहेर लावला होता, एवढंच.

जाडीचं मात्र काही समर्थन करता येणार नाही. माझा थर निदान पाव मिलिमीटर होता. बहात्तरनं गुणा. खऱ्या विमानावर हा अठरा मिलिमीटरचा गिलावा झाला. एवढा गिलावा घेऊन ते उडालं नसतं, पण पावसाळ्यात गळलंही नसतं. पंखावरच्या केसासारख्या बारीक रेघा, पत्र्यांचे जोड, रिव्हेट, सगळं त्याखाली गाडलं गेलं. त्यावर कळस म्हणून आमची कन्या सहा वर्षांची असताना तिनं शेपटीला ॲक्रिलिकचा गुलाबी रंग दिला. "बाबा, आता ते मुलीचं विमान आहे," असा त्याचा खुलासाही झाला.

तर हे दोन पिढ्यांच्या कलेनं नटलेलं विमान काचेच्या कपाटात सत्यनारायणाच्या फोटोशेजारी सुखानं धूळ खात होतं. मग २६ सप्टेंबर २०२५ आला. १९६३ पासून हवाई दलात असलेल्या मिग-२१ ला त्या दिवशी चंदीगडला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधलेलं हे विमान. टीव्हीवर ती शेवटची उड्डाणं बघताना माझे डोळे भरून आले आणि नजर कपाटाकडं गेली. फिरोजी अंग, गुलाबी शेपूट. बेंदराच्या मिरवणुकीतून चुकून घरात शिरलेलं खोंड वाटत होतं. मला शरम वाटली. मी ठरवलं, याला मूळ रूपात आणायचं.

पहिला सल्ला अर्थातच तोच मिळाला. ओळखीच्या मूर्तिकाराला विचारलं तर तो ब्रश न थांबवता म्हणाला, "काढताय कशाला? करड्या रंगाचा वर एक हात मारा. आम्ही रंग काढत बसलो तर गणपती दिवाळीला देणार काय?"

पण वर हात मारला तर अठराचे पंचवीस मिलिमीटर होणार. मी लक्ष्मीपुरीत एका रंगाच्या दुकानात गेलो.

"ऑइलपेंट काढायचाय."

"कशावरचा?"

"विमानावरचा."

कोल्हापूरचा दुकानदार गिऱ्हाइकापुढं आश्चर्य दाखवत नाही. त्यानं फक्त "उजळाईवाडीच्या विमानतळावरचं काय?" एवढंच विचारलं आणि एनसी थिनरची बाटली काउंटरवर ठेवली. "दोन मिंटात साफ."

तो खोटं बोलला नाही. दोन मिनिटांत साफ झालं. मी पंखाखालची इंधनाची टाकी, म्हणजे शेंगदाण्याएवढा भाग, स्टीलच्या वाटीत थिनर ओतून त्यात टाकला. पहिल्या मिनिटाला रंग सुरकुतला. मी खूश. दुसऱ्या मिनिटाला चिमट्यानं टाकी उचलली तर ती चिक्कीच्या पाकासारखी तार धरून आली. रंग गेला होता. टाकीही गेली होती. वाटीच्या बुडाशी एक फिरोजी थेंब होता. बायको मागं येऊन उभी राहिली आणि तिनं विमानाबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, "अहो, ती वाटी कुठली?"

यात विज्ञान फार सोपं आहे, आणि ते प्रत्येक मराठी माणसानं गणपतीत पाहिलेलं आहे. या मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, फक्त हवा भरून फुगवलेलं. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी यायच्या आधी ज्यांनी ज्यांनी मखर केलं, त्यांतल्या निम्म्यांनी कधी ना कधी त्यावर सोनेरी स्प्रे मारला आणि मखराचा खांब डोळ्यांदेखत आत बसताना पाहिला. स्प्रेतलं द्रावण थर्माकोल खातं. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं पाणी, दाराखिडक्यांसाठी मिळणारा पेंट रिमूव्हर, ही सगळी त्याच खानदानातली. गंमत म्हणजे असली मॉडेलं जोडायचा गोंदही याच जातीचा. तो चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतो. म्हणजे मी टाकीवरचा रंग काढत नव्हतो, अख्खी टाकी वाटीला चिकटवत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारचे आण्णा आले. आण्णांचा सगळा जन्म उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फौंड्र्यांत गेला. त्यांनी टाकीचे अवशेष चष्मा कपाळावर सरकवून पाहिले.

"मला सांगायचं न्हाई का? शॉट ब्लास्टिंगला टाकलं असतं. लोखंडाच्या बारक्या गोळ्या मारत्यात. दोन मिंटात चकाचक."

या गावात सगळं दोन मिंटात होतं. मी म्हटलं, "आण्णा, हे प्लास्टिक आहे."

"मग कॉस्टिकात उकळू."

"आण्णा!"

"बरं, ऱ्हायलं." मग ते गंभीर झाले. "पर मला सांग, डायरेक्ट जॉबवर कशाला गेलास? तुझ्याकडं स्प्रू न्हवता?"

मी चमकलो. मॉडेल करणारी जगभरची मंडळी, सुटे भाग ज्या चौकटीला लटकलेले असतात त्या चौकटीला 'स्प्रू' म्हणतात. हा शब्द मला पुस्तकातून कळला होता, आणि इथं सातवी पास आण्णा तो बोळातल्या वडाप रिक्षासारखा सहज वापरत होते. मग त्यांनीच सांगितलं. साच्यात वितळलेलं लोखंड ज्या उभ्या वाटेनं ओततात तो स्प्रू. तिथून आडवा पळतो तो रनर. कास्टिंग थंड झालं की हे तोडून परत भट्टीत. प्लास्टिकचा साचाही त्याच तत्त्वावर. "आणि आमच्यात," आण्णा म्हणाले, "जॉबसंगट टेस्ट बार ओतत्यात. तोडाफोडायचं ते त्येच्यावर. गिऱ्हाइकाच्या जॉबला हात न्हाई लावायचा."

रंग काढण्याच्या शास्त्राचा हा पहिला नियम मला एका ओतारी माणसानं माझ्याच ओट्यावर बसून सांगितला: कुठलंही द्रावण आधी स्प्रूवर. त्याच प्लास्टिकचा तुकडा त्यात एक रात्र ठेवा. सकाळी तो वाकवा, नखानं दाबा. कडक असेल तर पुढं जा, मऊ पडला किंवा ठिसूळ झाला तर बाटलीचं बूच लावा.

पण १९९६ चा स्प्रू २०२५ मध्ये आणायचा कुठून? इथं आमची आई कामाला आली. आईनं आयुष्यात एकच गोष्ट टाकली नाही, ती म्हणजे काहीही. तिनं तो स्प्रू परसातल्या मनीप्लँटला आधार म्हणून रोवलेला होता. एकोणतीस वर्षं.

मग सुरू झालं पर्व डेटॉलचं. थट्टा नव्हे, ॲक्रिलिक रंगासाठी परदेशी शौकीन खरोखर डेटॉल वापरतात. त्यात पाइनचं तेल आणि अल्कोहोल असतं. रंग फुगून सुटतो आणि पॉलिस्टायरीनला सहसा धक्का लागत नाही. स्प्रूचा तुकडा रात्रभर ठेवून पाहिला. सकाळी तो ठणठणीत. मग शेपटी बरणीत उभी केली.

घरात हॉस्पिटलसारखा वास सुटला. दुपारी पहिल्या वहिनी आल्या. "कोण आजारी आहे?" संध्याकाळपर्यंत तीन शहाळी, डझनभर केळी आणि सीपीआर हॉस्पिटलमधल्या एका ओळखीच्या नर्सचा फोन नंबर एवढं जमा झालं. मी खरं सांगितलं, की विमानाची शेपटी भिजत घातलीय, तर मंडळींचे चेहरे आणखी गंभीर झाले. जाताना एकीनं बायकोचा हात हातात घेऊन दाबला.

गुलाबी रंग मात्र लोण्यासारखा सुटला. जुन्या टूथब्रशनं घासला आणि उत्साहाच्या भरात थेट नळाखाली धरला. तिथं चुकलं. डेटॉलमध्ये भिजलेल्या रंगाला पाणी लागलं की त्याचा चिकट गोळा होतो. शेपटीला, ब्रशला, बेसिनला आणि माझ्या दहाही बोटांना गुलाबी डिंक लागला. कन्या क्लासला निघाली होती. कोल्हापूरच्या मुलींच्या रीतीप्रमाणं ती म्हणाली, "बाबा, मी जातो," मग माझे हात बघून थांबली आणि म्हणाली, "नको, आज राहतो. मला हे बघायचंय." योग्य रीत अशी: घासाघाशी सगळी निव्वळ डेटॉलमध्येच करायची, रंग कागदानं पुसून काढायचा, आणि भाग स्वच्छ दिसला की मगच साबणाचं पाणी.

आता उरला फिरोजी. एकोणतीस वर्षं मुरलेला ऑइलपेंट. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. ते ॲक्रिलिकला नामी, पण फिरोजीनं ढिम्म दाद दिली नाही. आई म्हणाली, रॉकेल लाव, रंगपंचमीला तुझ्या तोंडावरची चांदी मी त्यानंच काढायची. पण आता रॉकेल मिळतं कुठं?

उपाय सांगितला गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या बुलेटच्या मेकॅनिकनं. तो म्हणाला, "साहेब, ब्रेक ऑइलचा एक थेंब टाकीवर पडला की रंग उठतो. आम्ही त्याला भितो, तुम्ही त्यालाच वापरा." काय तर्क आहे! गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन कमावलेलं ज्ञान. बाटलीवर डॉट-३ किंवा डॉट-४ असं बघून घ्यायचं. डॉट-५ सिलिकॉनचं असतं, त्यात रंग वर्षभर आंघोळ करत बसला तरी सुटायचा नाही.

ब्रेक ऑइलचं काम चालतं ते न दिसता. आणि इथं माझ्या कोल्हापुरी स्वभावाची परीक्षा लागली. भाग बुडवायचे, झाकण लावायचं आणि काही करायचं नाही. तासाभरानं उघडून बघायचं नाही. चाकूनं खरवडायचं नाही, कारण चाकूला रंग आणि प्लास्टिक यांतला फरक कळत नाही. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, आणि बूड टेकून वाट बघायची. ज्या गावात जाळ आणि धूर संगटच निघतो, तिथं दोन दिवस नुसतं बरणीकडं बघत बसणं ही शिक्षा आहे. मी मधूनच जाऊन बरणी हलवायचो. बायको म्हणाली, "लोणचं आहे का ते?"

ती हे गमतीनं म्हणाली. पण बरणी लोणच्याचीच होती. आणि ब्रेक ऑइल दिसायला पिवळसर, पारदर्शक, हुबेहूब घाण्याच्या शेंगतेलासारखं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाहेरून आलो तर आई देवापुढं बसलेली. समोर समई, हातात माझी बरणी, झाकण उघडं.

"आरं, तेल संपलंय. हे वरच्या फळीवर कुणी ठेवलंय? यात काय पडलंय बघ, पंख हाय काय कसला."

समईत ओतायच्या आत मी झडप घातली. समईचं निभावलंही असतं. पण तेच तेल कढईत गेलं असतं तर? हे द्रव पोटात गेलं तर विष आहे, आणि दिसायला विष अजिबात नाही. माझ्या पाठीवर त्या संध्याकाळी जो घाम आला तो या सगळ्या उद्योगातला एकमेव खरा धडा.

तिसऱ्या दिवशी बरणी उघडली. फिरोजी रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सैल होऊन लोंबत होता. ब्रशनं नुसतं ढकलायचं, की पापुद्रा सरकायचा. खालून फिक्या करड्या प्लास्टिकवर एकेक रेघ उगवायला लागली. पंखाचा जोड. इंधन भरायच्या झाकणाचा गोल. रिव्हेटांची रांग, मोहरीच्या शतांशाएवढी. साच्यात हे कुणीतरी बसून कोरलं होतं, आणि मी ते एकोणतीस वर्षं दाराखाली गाडून ठेवलं होतं.

काही नुकसानही झालं. गोंदाचे जुने जोड सुटले आणि चाकं वेगळी झाली. कॉकपिटची पारदर्शक काच मी काढून ठेवायला विसरलो. तिला आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले. पारदर्शक भाग फार नाजूक असतात, ते या भानगडीत घालूच नयेत.

आणि डाव्या पंखाच्या बुडाशी, जिथं तो अंगाला जोडलाय, तिथं एक विचित्र खूण दिसली. आधी वाटलं रंगच राहिलाय. घासलं, जाईना. भिंग आणलं. तो ठसा होता. अंगठ्याचा. १९९६ साली गोंद ओला असताना मी तिथं दाबून धरलं असणार. विरघळलेल्या प्लास्टिकवर माझा सोळाव्या वर्षीचा अंगठा उमटून गेला, सगळ्या वळणांसकट. मी आजचा अंगठा शेजारी धरून पाहिला. डेटॉल, अल्कोहोल, ब्रेक ऑइल, कशानंच तो जायचा नाही. तो रंग नव्हेच. मी त्याला हात लावला नाही.

मग राहिला राडा. वापरलेलं ब्रेक ऑइल बेसिनमध्ये ओतावं, असा मोह झाला. पण आमच्या बेसिनचं पाणी शेवटी जयंती नाल्यातून पंचगंगेला जातं, आणि पंचगंगेच्या नावानं रंकाळ्यावर बसून तावातावानं बोलणाऱ्यांत मी पुढं असतो. ऑइल फडक्यातून गाळून परत बरणीत भरलं, ते पुन्हा चालतं. खालचा गाळ वाळूत जिरवून, पिशवीत बांधून, कचऱ्याच्या गाडीवाल्याला वेगळा दिला, काय आहे ते सांगून. तो म्हणाला, "विमानाचा रंग? बरं." तोही कोल्हापूरचाच.

आता माझं विमान करड्या अंगानं कपाटात उभं आहे. येणारा जाणारा विचारतो, "रंग कधी देणार?" कुणालाच कळत नाही, की रंग देऊन झाला होता आणि हे त्याच्या पुढचं आहे.

या यशानं डोक्यात हवा गेली. दिवाळीच्या आधी दार रंगवायला माणूस बोलावला. तेच दार, मूळ फिरोजी, त्यावर आजवर आणखी चार थर. त्यानं दारावर टिचकी मारली आणि म्हणाला, "वर एक हात मारू?"

मी छाती काढून म्हटलं, "नाही. आधीचा सगळा काढायचा. लाकडापर्यंत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, खिशातून पेन्सिल काढून भिंतीवरच हिशेब मांडला. लावायचे दोन हजार. काढायचे पाच हजार वेगळे, आणि दार चार दिवस काढून न्यावं लागेल.

वाचकहो, तुम्ही तरी बरणीवर चिठ्ठी लावा. ठळक मराठीत लिहा: 'हे तेल नव्हे.' शक्यतो लोणच्याची बरणी घेऊच नका, आणि स्वयंपाकघराच्या फळीवर तर मुळीच ठेवू नका. आणि काहीही असो, आधी स्प्रूवर.

दाराचं म्हणाल, तर मी त्याला म्हटलं, मारा वर एक हात.